चुकून गेलेले पैसे, बुडालेली कंपनी
व्यवहार आणि कायदा : लेखांक ७

चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम परत मिळवण्याचा साधा रस्ता आपण मागच्या आठवड्यात पाहिला. आपल्या बँकेला लेखी कळवायचं, तिने समोरच्या बँकेला कळवायचं, खातेदाराने संमती दिली की पैसे परत. चुकून मिळालेली रक्कम परत केलीच पाहिजे, असं १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७२ सांगतं. पण घेणारी कंपनीच दिवाळखोरीत असेल तर?

समजा, शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीतल्या एका उद्योजकाला दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या पुरवठादाराला ६ लाख ४० हजार रुपये द्यायचे आहेत. लाभार्थी यादीत तशाच नावाचा एक जुना पुरवठादारही आहे. अकाउंटंट घाईत त्यालाच आरटीजीएस करतो. आणि त्या जुन्या कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या (एनसीएलटी) मुंबई खंडपीठापुढे आहे.

दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की २०१६च्या दिवाळखोरी संहितेतल्या कलम १४ची स्थगिती लागते. मग शिरूरच्या किंवा दौंडच्या दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावता येत नाही. कंपनीच्या खात्यावर संचालकांची सही चालत नाही. बँक या प्रक्रियेसाठी नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलचंच ऐकते. म्हणून पहिलं पत्र त्याला जायला हवं.

त्या पत्रात काय मागायचं, हा खरा प्रश्न. ‘कंपनी माझं देणं लागते’ एवढंच लिहिलं, तर तुम्ही बिनतारण येणेकरी झालात. कंपनी अवसायनात गेली की कलम ५३च्या क्रमात प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारण असलेल्या बँका तुमच्या पुढे. तुमच्यापर्यंत बहुधा काही उरत नाही. ‘हा पैसा कंपनीचा नव्हेच, तिच्याकडे तो केवळ विश्वस्त म्हणून आहे’ ही भूमिका वेगळी. विश्वस्त नात्याने ठेवलेली दुसऱ्याची मालमत्ता कलम १८ आणि ३६ कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत. प्रोफेशनलने नकार दिला, तर कलम ६०(५) खाली एनसीएलटीकडे अर्ज करता येतो.

या युक्तिवादाला इंग्लंडमधला आधार आहे. जुलै १९७४ मध्ये चेस मॅनहॅटन बँकेने सुमारे २० लाख डॉलर चुकून दोनदा पाठवले. घेणारी इस्राएल-ब्रिटिश बँक पुढे बुडाली. १९७९च्या निकालात ती जादा रक्कम चेसचीच मानली गेली. १९९६ मध्ये मात्र हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड ब्राउन-विल्किन्सन यांनी बजावलं की नुसती चूक पुरत नाही. घेणाऱ्याला ती कळली होती का, हे पाहावं लागतं. हे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण त्यांतला धडा इथेही उपयोगी पडतो: चूक ताबडतोब लेखी कळवा.

दुसरी अडचण खात्याची. रक्कम चालू खात्यात तशीच पडून असेल, तर बोट ठेवून दाखवता येते. कॅश क्रेडिट खात्यात ती पडताच कंपनीचं कर्ज तेवढं कमी होतं आणि ‘हेच माझे पैसे’ म्हणणं अवघड जातं. तारीखही पाहा. स्थगितीनंतर आलेली रक्कम जुनं देणं ठरत नाही, त्यामुळे तुमची बाजू बळकट होते. ती आधी गेली असेल, तर प्रोफेशनलच्या जाहीर सूचनेतल्या मुदतीत दाव्याचा फॉर्म एफ भरा आणि ‘मालकी हक्क अबाधित ठेवून’ असं त्यात स्पष्ट लिहा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, खऱ्या पुरवठादाराचं बिल आणि जुन्या कंपनीचं देणं शून्य दाखवणारा खातेउतारा सोबत जोडा.

एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय बँकांना द्यावी लागते. पण यादीतली दोन नावं सारखीच असली, तर ही सोयही फसते. व्यवहार संपलेल्या पुरवठादारांची नावं यादीतून काढून टाकणं, हे एनसीएलटीच्या वकिलापेक्षा नक्कीच स्वस्त पडतं.

(पुढील आठवड्यात : पतसंस्था अवसायनात गेल्यावर ठेवीदाराने काय करावं?)