टेबलावरच्या पुस्तकाची कसोटी

घरी बसून भौतिकशास्त्र शिकायचं ठरवलं की अनेकजण पहिलं पुस्तक उचलतात ते रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांचं. नाव मोठं, भाषा रसाळ. जरूर घ्यावं, पण दुसरं पुस्तक म्हणून. १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकमध्ये दिलेली ही व्याख्यानं. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं हा प्रयोग फारसा साधला नाही, असं मत खुद्द फाइनमन यांनीच प्रस्तावनेत नोंदवलं आहे. शिवाय मूळ तीन खंडांत सोडवायला उदाहरणं नाहीत. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. पण समोर शिक्षक नसताना ते खरंच कळलंय का, हे उदाहरणांशिवाय कोण सांगणार?

म्हणून दुकानात उभ्या उभ्या पुस्तकाचीच परीक्षा घ्या. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचं प्रकरण काढा. समजा, टेबलावर एक पुस्तक ठेवलंय. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर ढकलतं, दोन्ही बलं सारखी. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी का? भले भले ‘हो’ म्हणतात, आणि चुकतात. ही दोन्ही बलं एकाच वस्तूवर लागतात. नियमातली जोडी मात्र दोन वेगळ्या वस्तूंवर लागते. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तेव्हा पुस्तकही पृथ्वीला ओढतं, ही एक जोडी. टेबल पुस्तकाला ढकलतं, पुस्तक टेबलाला दाबतं, ही दुसरी. पटत नसेल तर तेच टेबल लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणानं वर निघाली, की एक किलोच्या पुस्तकावरचं गुरुत्वाकर्षण ९.८ न्यूटनच राहतं, टेबलाचं बल मात्र ११.८ न्यूटन होतं. ती जोडी असती, तर दोन्ही बलं कधीच असमान झाली नसती.

वाचक इथे अडखळणार हे ओळखून जो लेखक थांबतो, त्याचं पुस्तक घ्या. नियम चौकटीत छापून पुढे जाणारं पुस्तक परीक्षेपुरतं ठीक.

आपल्याकडे एकट्यानं शिकणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती एच. सी. वर्मा यांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ला. १९९२ साली आलेले हे दोन खंड जेईईवाल्यांचे म्हणून ओळखले जातात, आणि त्यामुळे बाकीचे त्यांना उगाच बिचकतात. सुरुवातीलाच सदिश आणि कॅल्क्युलसची तोंडओळख आहे. प्रत्येक प्रकरणात आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं, मग आपण सोडवायची, आणि उत्तरंही दिलेली. गणिताची धास्तीच असेल तर आधी पॉल हेविट यांचं ‘कन्सेप्च्युअल फिजिक्स’ वाचावं. कॅल्क्युलस हाताखालचं असेल, तर हॅलिडे आणि रेसनिक.

किमतीमुळे अडू नका. हॅलिडे-रेसनिक १९६० पासून छापलं जातंय आणि जुन्या आवृत्तीतलं यंत्रशास्त्र आजही तेच आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळून पाहा. फक्त एककांच्या पानावर पेन्सिल चालवावी लागेल: तिथे किलोग्रॅम पॅरिसजवळच्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावरून ठरवलेला असेल, २० मे २०१९ पासून तो प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो.