गुरुजींची परीक्षा आणि आपले घर



शेतकी खात्याच्या माणसाने बेणे, खते, पाणी यांवर लिहावे. शाळेच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण लागणीच्या नोंदी घेत गावोगाव हिंडताना अलीकडे उसाआधी दुसराच प्रश्न कानावर येतो, "साहेब, आमच्या सूनबाईंची नोकरी राहील ना?" आपल्या सभासदांच्या कितीतरी घरांत मुलगा, सून किंवा लेक शिक्षक आहे. उसाच्या बिलाची वाट पाहताना त्याच पगारावर घर चालते. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रश्न आहे शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्याला धरून २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ही परीक्षा ठरली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून सुरू झाली. जुन्या शिक्षकांना वाटले, ही नव्यांची गोष्ट. परंतु १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. नाहीतर सेवा सोडावी लागेल. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी उरली, त्यांची नोकरी राहील, पण पदोन्नतीसाठी त्यांनाही परीक्षा आहेच. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला.

"वीस वर्षे शिकवले, आता आमचीच परीक्षा?" हे दुखणे खोटे नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे डी.एड. करून ही माणसे लागली. शाळा सांभाळून निवडणुकीची, जनगणनेची कामेही त्यांनीच केली. पण दुसरी बाजूही पाहावी. आपण बेणे घेताना मूलभूत, पायाभूत, प्रमाणित असे विचारतो, आणि चांगल्या वाणाचे बेणेसुद्धा तीन-चार वर्षांनी बदलतो. माणूस काही बेण्यासारखा बदलून टाकायचा नसतो. त्याला पुन्हा शिकता येते, हाच फरक.

शिकवण्याआधी स्वतः शिकावे, ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेतले, ते याच नगरात, मिस फरार यांच्या संस्थेत. लोकांच्या शिव्या सोसून त्यांनी शिकवले. आपल्या सुनांना निदान घरच्यांचे बोल तरी ऐकावे लागू नयेत.

परीक्षा समजून घेतली तर भीती कमी होते. पेपर दोन : पहिली ते पाचवीसाठी एक, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, वेळ अडीच तास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. एकदा मिळालेले प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते.

अभ्यास अवघड नाही, अवघड आहे तो वेळ. २०२५ ची परीक्षा २३ नोव्हेंबरला, ऐन गळीत हंगामाच्या तोंडी होती. बाई पहाटे उठून धारा काढणार, डबे करणार, शाळेत जाणार, आल्यावर तोडणीवाल्यांचा चहा आणि रात्रीच्या भाकरी. मग पुस्तक कधी उघडणार? म्हणून घरातील कर्त्यांना काही सूचना :

१) रोजचा दीड तास तिचा म्हणून ठरवून द्यावा. त्या वेळी कोणी हाक मारू नये.
२) परीक्षेआधीचे दोन महिने लग्नकार्ये, पाहुणेरावळे दुसऱ्यांनी सांभाळावेत.
३) गणिताची धास्ती असेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराने शिकवावे. त्यात कमीपणा नाही.
४) मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.
५) अर्जाच्या तारखा व नियमांतील बदल पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या सूचनेवरूनच पाहावेत.
६) "पैसे द्या, पास करतो" म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच ठेवावे. २०१९-२० च्या परीक्षेतील गैरप्रकारात २०२२ साली ७,८७४ उमेदवारांवर कारवाई झाली. पैसा गेला तो गेला, नावही गेले.

एकदा नापास झाले तर घरात तोंडे पाडू नयेत. एखादी लागण उगवली नाही, तर आपण नांग्या भरतोच ना? शेत मोडून टाकत नाही. परीक्षाही पुन्हा देता येते. मुदत मात्र थांबत नाही. तेव्हा पुढच्या लागणीचे नियोजन करताना, सभासदहो, घरातल्या या अभ्यासाचेही नियोजन करावे, एवढीच नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी