जिम टाकायची की आधी शिकायचं? फिटनेसच्या शिक्षणाचा धंद्यातला हिशोब



परवा बॅच संपल्यावर एक मुलगा थांबला. बी.कॉम. झालेला, सहा वर्षं मन लावून व्यायाम करणारा. म्हणाला, "सर, वडील रिटायर झाले. आलेल्या पैशातले ८ लाख ते मला देतायत. जिम टाकू, की आधी कॉलेजात याचं रीतसर शिक्षण घेऊ? मित्र म्हणतात, डिग्री बघून कोण जिमला येतं?"

हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे, म्हणून व्हिडिओत राहिलेलं सगळं इथे सविस्तर लिहितो.

मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गिऱ्हाईक डिग्री बघून येत नाही. ते येतं जवळ आहे म्हणून, फी परवडते म्हणून. पण तिसऱ्या महिन्यात ते टिकणार की जाणार, हे तुम्हाला काय येतं त्यावर ठरतं. आणि मशीन तर समोरचाही उद्या आणू शकतो.

कॉलेजात नक्की काय शिकवतात?

बऱ्याच जणांना वाटतं, फिजिकल एज्युकेशन म्हणजे मैदानावर शिट्टी वाजवणं. तसं नाही. शरीररचना, शरीरक्रिया, व्यायामाने शरीरात होणारे बदल, हालचालींचं शास्त्र, आहार, खेळाचं मानसशास्त्र, प्रथमोपचार, आणि चाचणी व मोजमाप असे विषय असतात. सोबत मैदानावरचं आणि शिकवण्याचं प्रात्यक्षिक.

यातलं धंद्याला काय उपयोगी पडतं, ते तीन उदाहरणांत बघू.

पहिलं उदाहरण. ५२ वर्षांचे काका येतात, ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. नुसत्या अनुभवावर चालणारा ट्रेनर "२२० वजा वय" करतो आणि ट्रेडमिलवर १६८ च्या हिशोबाने ठोके मोजत बसतो. पण बीटा ब्लॉकर गटातली गोळी असेल तर हृदयाचे ठोके मुळातच कमी राहतात. आकडा गाठायला काकांना पळवत ठेवलं तर काम अंगाशी येईल. शिकलेला माणूस आधी औषध विचारतो, डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लावतो आणि मग ठोक्यांऐवजी "किती दम लागतोय, बोलता येतंय का" यावर व्यायामाचा जोर ठरवतो.

दुसरं उदाहरण. वजन उचलताना श्वास रोखून धरला की रक्तदाब एकदम वाढतो. पंचविशीतला पोरगा ते सहन करतो, पण काकांना ते धोक्याचं ठरू शकतं. "उचलताना श्वास सोडा" हे एक वाक्य वेळेवर सांगणं, याचेच पैसे असतात.

तिसरं उदाहरण. साठीच्या मावशी म्हणतात, "जिना चढवत नाही." त्यांना साध्या खुर्चीवर बसवायचं, हात छातीशी घडी करून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या सीडीसीच्या तक्त्यात ६० ते ६४ वयाच्या बाईसाठी १२ पेक्षा कमी आणि पुरुषासाठी १४ पेक्षा कमी म्हणजे सरासरीच्या खाली. आज ९ आले, दोन महिन्यांनी १२ आले, तर मावशी स्वतःच चार मैत्रिणींना सांगतात. एका खुर्चीवर ही जाहिरात होते.

थोडक्यात, शिकलेला माणूस आधी मोजतो, मग व्यायाम देतो, मग परत मोजतो. गिऱ्हाईक याचेच पैसे देतं.

कोणता रस्ता कुणासाठी?

बारावीनंतर: बी.पी.ई.एस.सारखी शारीरिक शिक्षणाची पदवी. पाया पक्का होतो, पण वेळ लागतो.

कुठल्याही पदवीनंतर: बी.पी.एड., २ वर्षं. महाराष्ट्रात सीईटी आणि मैदानी चाचणी असते. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी तपासा. आणि स्पष्ट सांगतो, हा कोर्स मुळात शाळेतला शिक्षक घडवण्यासाठी आहे. पाठ नियोजन, मैदान आखणी, कबड्डी, खो-खो यात बराच वेळ जातो. जिमसाठी लागणारं विज्ञान त्यात आहे, पण ते तुम्हाला मुद्दाम उचलावं लागेल.

बारावी सायन्सनंतर: फिजिओथेरपी, म्हणजे बी.पी.टी. हा उपचाराचा व्यवसाय आहे. ट्रेनरने फिजिओचं काम करायचं नाही. दुखणं दिसलं की पाठवायचं.

सर्टिफिकेट: एसीई, एसीएसएम यांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षा पदवीशिवाय देता येतात, मात्र सीपीआरचं प्रमाणपत्र लागतं. पण एसीएसएमचीच एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट ही परीक्षा द्यायची तर या विषयातली पदवीच लागते. म्हणजे सर्टिफिकेटने दार उघडतं, पण पुढच्या खोलीत जायला पदवी विचारतात.

आपल्याकडे या शिक्षणाची परंपराही जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं. तिथे स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम एक्स-रे आणि रक्तदाब मोजून तपासला. आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वी लोक मोजून बघत होते, आणि आपण आज अंदाजाने जिम चालवतोय.

आता पैशाचं बोलू

आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या गावाचे टाका. भाडं २५,०००, वीज ८,०००, एक ट्रेनर १५,०००, साफसफाई आणि किरकोळ ५,०००. झाले महिन्याला ५३,०००. फी १,००० असेल तर ५३ मेंबर नुसते खर्च भागवायला लागतात. त्यात तुमचा पगार नाही, मशीनची झीज नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे मशीन घेताना भरलेला जीएसटी तुमच्या खर्चातच जातो.

दुसरी बाजू बघा. शिकता शिकता सकाळी ५ घरी जाऊन व्यायाम शिकवला, प्रत्येकी ४,००० धरले, तर २०,००० होतात. भांडवल काय? रबर बँड, दोन-तीन डंबेलच्या जोड्या, एक मॅट, ब्लड प्रेशरचं मशीन आणि एक वही. इथे चूक झाली तर ८ लाख बुडत नाहीत.

कॉलेज काय शिकवत नाही

भाडेकरार, फी वसुली, मे महिन्यात मेंबर गळतात तेव्हा काय करायचं, स्टाफ सोडून गेला तर काय, हे कॉलेजात येत नाही. ते कुणाच्या तरी जिममध्ये संध्याकाळी काउंटरवर बसून शिका. आणि एक मोह टाळा. मार्जिन चांगलं म्हणून लोक सप्लिमेंट विकायला घेतात. ते खाद्यपदार्थात मोडतं, एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. स्टेरॉइड ही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारी औषधं. तो रस्ता आपला नाहीच.

मग त्या मुलाला काय सांगितलं?

"८ लाखांतले ६ बँकेत एफडीत ठेव, वडिलांच्याच नावावर. उरलेल्या २ लाखांत शिक्षण आणि सामान बसव. बी.पी.एड.ची सीईटी दे, सकाळी गिऱ्हाईकं कर, संध्याकाळी कुणाच्या तरी जिममध्ये काम कर. दोन वर्षांनी हातात वही असेल, त्यात ३०-४० लोकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे असतील. मग जागा बघायला मी स्वतः येतो."

तो थोडा हिरमुसला. बोर्डवर आपलं नाव बघायची घाई असते, मलाही होती. पण मित्रांनो, ते पैसे वडिलांच्या पूर्ण नोकरीचे आहेत, आणि जिममध्ये येणारा माणूस स्वतःचं शरीर तुमच्या हातात देतो. या दोन्हीला अंदाज चालत नाही.

या आठवड्याचं काम: घरातल्या एका मोठ्या माणसाची ती खुर्चीची चाचणी घ्या. आधार द्यायला शेजारी उभे राहा, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर घेऊ नका. आकडा वहीत लिहा. तुमच्या धंद्याचं पहिलं पान तेच.