72 तासांचा चुना

मिशिगन सरोवराच्या काठी, विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावात दुसऱ्या महायुद्धात 28 पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्याच भागात एक निवृत्त वेल्डर आपल्या गॅरेजमध्ये स्वतःपुरती पाणबुडी बांधताहेत असं कळलं. फोनवर ते ना पत्र्याच्या जाडीविषयी बोलले, ना खोलीविषयी. बोलले ते फक्त श्वासाविषयी. म्हणून मी शिकागोहून त्यांच्याकडे गेलो.

त्यांचा हिशेब सरळ आहे. आत हवा एक घनमीटर, म्हणजे 1000 लिटर. शांत बसलेला माणूस तासाला साधारण 20 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तासाभरात 2 टक्के. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण जेमतेम 0.04 टक्के असतं. 3 टक्क्यांच्या पुढे धाप लागते, डोकं ठणकतं; 10 टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असला तरी यातलं काही टळत नाही. बघायला येणारा प्रत्येक जण मात्र ऑक्सिजनचंच विचारतो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

उपाय शाळेतलाच. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, तीच क्रिया इथे दाण्यांवर होते. सोडा लाइम म्हणजे मुख्यतः विरलेला चुना, थोडा कॉस्टिक सोडा आणि ओलावा. पंखा आतली हवा या दाण्यांतून ओढतो. दुसरा पर्याय लिथियम हायड्रॉक्साइडचा. एक किलो लिथियम हायड्रॉक्साइड कागदावर 0.92 किलो वायू शोषतो, चुना 0.59. शिवाय लिथियमचे पडदे नुसते टांगले तरी काम करतात, वीज लागत नाही. पण ते महाग, आणि त्याची भुकटी घशाला झोंबते. इतक्या अरुंद जागेत ती उडाली तर तोंड फिरवायलाही वाव नाही. चुन्याच्या बाजूने त्यांचा कौल मला पटला.

या दाण्यांचा डबा भरताना मी शेजारीच उभा होतो. तळाला जाळी, वर फेल्ट. दाणे आधी चाळणीतून काढले, मग थोडेथोडे ओतत डब्याला बोटांनी टिचक्या मारत राहिले. कुठे पोकळी राहिली तर हवा तिथूनच निसटते आणि बाकीचा चुना कोराच राहतो. काही प्रकारचे दाणे वापरले की जांभळे होतात. त्या रंगावर त्यांचा विश्वास नाही, कारण डबा काही काळ नुसता पडून राहिला की रंग उतरतो. त्यांची भिस्त कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर आणि हातावर: चुना काम करत असला की डबा कोमट लागतो.

थंडीत तो कोमट होत नाही, खरी अडचण इथे आहे. जून 1973 मध्ये फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ ही छोटी पाणबुडी बुडवलेल्या विनाशिकेच्या अवशेषांत अडकली. पुढच्या अ‍ॅक्रिलिकच्या गोलातले दोघे वाचले. मागचा कप्पा अ‍ॅल्युमिनियमचा. तो समुद्राइतका थंड पडला, वायू शोषणारं रसायन मंदावलं आणि आतले दोघे गेले. त्यांतला एक क्लेटन लिंक, पाणबुडीच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या एडविन लिंक यांचा मुलगा. हे सांगताना वेल्डरचा हात डब्यावरच होता.

म्हणून चाचणी एप्रिलमध्ये, धक्क्याला बांधून, जेमतेम 4 अंशांच्या पाण्यात. झाकण बंद, बाहेर वॉकीटॉकी घेऊन त्यांच्या पत्नी, वहीत आकडे लिहायला मी. मीटर बराच वेळ 0.5 टक्क्यांच्या खाली राहिला. मग पोलादी कवचाला टेकलेला डबा गार पडला आणि आकडा चढू लागला. 1 टक्क्याला त्यांनी झाकण उघडलं. आता डब्याला निओप्रीनचं आवरण आहे आणि तो कवचापासून दूर, सीटच्या पाठीला लावलेला आहे.

आणीबाणीसाठी राखीव 72 तास धरायचे, हा आकडा व्यावसायिक पाणबुड्यांच्या नियमांतून आलेला. छंद म्हणून बांधणाऱ्यांवर तशी सक्ती नाही, म्हणून कित्येकांना तो जास्त वाटतो. हे वेल्डर मात्र 72 वरून खाली यायला तयार नाहीत. एका माणसाला 72 तासांसाठी व्यवहारात साधारण 10 किलो चुना पुरतो. थंडीसाठी त्यांनी 20 धरला. दोघांना 40 लागला असता आणि तेवढी जागा नव्हती. पत्नीसाठी बसवलेली दुसरी सीट त्यांनी कापून काढली. तिथे आता झाकणबंद बादल्या पट्ट्यांनी आवळलेल्या आहेत.