अनोळखी गिऱ्हाइकाला पहिलं पत्र

सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे; पण हॅम्बुर्गच्या हॉटेलातल्या खरेदी अधिकाऱ्याला त्याचं काय? टॉवेल-टोपीचा आहेर त्याला ठाऊक नाही.

त्याला ईमेल लिहायला चॅटजीपीटी मदत करतं. मात्र हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द निवडतं. नुसतं ‘टॉवेल विकायचेत, पत्र लिही’ म्हटलं, की ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ असला गुळगुळीत मजकूर हाती येतो. तो वाचणार कोण? म्हणून सूत आपण पुरवावं: टॉवेल ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम, किमान ऑर्डर किती, माल कधी निघेल, त्याच हॉटेलला तो का चालेल. मागणी एकच, तीही छोटी: नमुना पाठवू का?

पाठवण्याआधी आकडे तपासा. आपल्याकडे नसलेलं प्रमाणपत्रही चॅटजीपीटी बेधडक चिकटवून देतं.