मतांची बेरीज

विधानसभेच्या निवडणुकींत विद्यमान आमदारापुढें नव्या उमेदवाराचा निभाव कितपत लागेल, हा प्रश्न दर पांच वर्षांनीं आपल्या घराघरांत निघतो. पानावर बसलेल्या मंडळींत जो वडील तो निकाल सांगतो, आणि बाकीचे माना डोलावितात. मीही आमच्या लोणावळ्याच्या घरीं वर्षानुवर्षें हेंच करीत आलों. परंतु आमच्या मावळानें या विषयांत मला जो धडा दिला, तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

पवन, आंदर व नाणे हीं तीन मावळें, आणि तळेगांव, वडगांव, देहूरोड, लोणावळें हीं गांवें-शहरें मिळून आमचा मतदारसंघ होतो. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या भरांत येथील मतदारांनीं सत्ताधारी काँग्रेसला बाजूस सारून जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी यांस मुंबईच्या विधानसभेंत पाठविलें. पुढें १९९५ पासून लागोपाठ पांच निवडणुकांत भारतीय जनता पक्षानें ही जागा जिंकिली, आणि हा बालेकिल्ला आतां ढळत नाहीं अशी सर्वांची समजूत झाली.

२०१९ सालीं या समजुतीची परीक्षा झाली. आमदार बाळा भेगडे त्या वर्षीं राज्यमंत्री झाले होते. उन्हाळ्यांत लोकसभेच्या मावळ मतदारसंघांत राष्ट्रवादीचे पार्थ पवार दोन लाखांहून अधिक मतांनीं पराभूत झाले होते. अशा स्थितींत राष्ट्रवादीच्या उमेदवाराला ऑक्टोबरांत काय आशा? परंतु तळेगांव दाभाडे नगरपरिषदेंतील भाजपचेच नगरसेवक सुनील शेळके, उमेदवारी न मिळाल्यामुळें पक्ष सोडून राष्ट्रवादीकडून उभे राहिले, आणि मंत्र्यांचा सुमारें ९४ हजार मतांनीं पराभव करून निवडून आले. ज्यांनीं यास काकतालीय न्याय म्हटलें, त्यांत मीही होतों.

पुढें २०२४ चा नोव्हेंबर आला. आतां शेळके हेच विद्यमान आमदार होते, आणि राष्ट्रवादी दुभंगल्यावर अजित पवारांच्या पक्षाचे उमेदवार होते. त्याच पक्षांतून बाहेर पडून बापू भेगडे अपक्ष उभे राहिले. महाविकास आघाडीनें स्वतःचा उमेदवार न देतां त्यांस पाठिंबा दिला, आणि युतीधर्म बाजूस ठेवून बाळा भेगडे यांच्यासारखे भाजपचे स्थानिक पुढारीही त्यांच्याच बाजूस गेले. यालाच वर्तमानपत्रें 'मावळ पॅटर्न' म्हणूं लागलीं.

मीं रात्रीं जेवतांना बेरीज मांडली. या पुढाऱ्याचीं इतकीं, त्या पक्षाचीं इतकीं. म्हणजे आव्हान देणाऱ्याचा विजय ठरलेलाच! आणि आमच्या घरचीं सात मतें कोणाकडे जावींत, हेंही मीं त्याच ओघांत सांगून टाकलें.

सूनबाई वाढतां वाढतां थांबली. ती म्हणाली, "मामंजी, आपण शाळेंत नागरिकशास्त्र शिकवीत होतां, तेव्हां मत गुप्त असतें असेंच शिकवीत होतां ना?"

पंक्तींत कोणी बोललें नाहीं. मला प्रथम राग आला, हें कबूल केलें पाहिजे. पुढें पुष्कळ वेळ झोंप लागली नाहीं.

निकाल लागला तेव्हां शेळके एक लाख आठ हजारांहून अधिक मतांनीं विजयी झाले होते. म्हणजे मताधिक्य घटण्याऐवजीं वाढलें. त्या वर्षीं जुलैपासून राज्यांतील पात्र स्त्रियांना दरमहा दीड हजार रुपये देणारी 'लाडकी बहीण' योजनाही सुरू झाली होती. कोणत्या कारणाचा वांटा किती, हें मतपेटी सांगत नाहीं. परंतु एक गोष्ट तिनें स्वच्छ सांगितली. पुढारी एकत्र आले म्हणून त्यांच्यामागचे मतदार एकत्र येतातच असें नाहीं. २०१९ सालीं पक्षाचा बालेकिल्ला मतदारांस अडवूं शकला नाहीं, आणि २०२४ सालीं पुढाऱ्यांची एकजूट त्यांस वळवूं शकली नाहीं.

तेव्हां आव्हान देणाऱ्याची आशा कशांत? माझ्या मतें, निवडणुकीच्या महिन्यांतील पाठिंब्याच्या पत्रकांपेक्षां आधींच्या चार-पांच वर्षांत गांवोगांवच्या उंबऱ्याशीं जोडलेल्या संबंधांत ती अधिक असते. विद्यमान आमदाराच्या हातीं केलेलीं कामें व नित्याचा परिचय असतो. नवख्यानें तितकाच परिचय आधीं मिळविला पाहिजे. उसनीं आणलेलीं मतें मोजणींत सांपडत नाहींत.

आणि जी चूक त्या पुढाऱ्यांची, तीच माझी. ते गांवांचीं मतें आपल्या खिशांत समजत होते, मी घरचीं समजत होतों. एकत्र कुटुंबांत चूल एक असते, देवघर एक असतें. मत मात्र ज्याचें त्याचें असतें. वडीलधाऱ्यांनीं चर्चा अवश्य करावी, मुलांना जुने निकाल सांगावेत, उमेदवारांचे गुणदोष बोलावेत. मतदानाच्या दिवशीं मात्र प्रत्येकास मोकळ्या मनानें केंद्रावर जाऊं द्यावें, आणि परत आल्यावर विचारूं नये. सूनबाईनें कोणास मत दिलें तें मला ठाऊक नाहीं. मीं विचारलेंही नाहीं.