पंचक्रोशीची छायाचित्रे

आपण राहतो त्या गावाच्या पंचक्रोशीतील देवळे, घरे, बंदरे, पूल, बाजार आणि उत्सव यांची वर्षानुवर्षे छायाचित्रे काढत राहणे हा छायाचित्रणाचा एक जुना आणि अतिशय उपयुक्त प्रकार आहे. बाहेरून आलेला छायाचित्रकार एखादी जागा एकदाच पाहतो आणि मिळेल त्या प्रकाशात चित्र घेऊन पुढे जातो. गावातल्या माणसाला तीच जागा भर पावसात, थंडीच्या सकाळी आणि चैत्राच्या उन्हात पाहता येते. पालखी कोणत्या पाखाडीने चढते, ओहोटी किती वाजता लागते, कोणते घर पुढच्या वर्षी उतरवणार आहेत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्यामुळे त्याच्या चित्रांना दुहेरी मोल येते. ती पाहायला सुंदर असतात आणि बदलत्या गावाची विश्वसनीय नोंदही असतात.

अशी नोंद पद्धतशीरपणे ठेवण्याची कल्पना १८८९ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डब्ल्यू. जेरोम हॅरिसन यांनी मांडली. १८९७ मध्ये सर बेंजामिन स्टोन यांनी त्यासाठी राष्ट्रीय पातळीवर संस्था स्थापन केली. हौशी छायाचित्रकारांनी आपापल्या परिसरातील चर्च, जुनी घरे, जत्रा आणि चालीरीती टिपाव्यात आणि ती चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये जमा करावीत, अशी ही योजना होती. मुंबईत छायाचित्रणाची संस्था त्याआधीच, १८५४ मध्ये, सुरू झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. त्या काळी काचेच्या जड पट्ट्या आणि रसायने बरोबर न्यावी लागत. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी या कामाला किती वाव आहे, हे तिथला प्रकाश, स्थळे आणि माणसे क्रमाने पाहिली की लक्षात येते.

प्रकाश आणि ऋतू

रत्नागिरी सुमारे १७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. अशा दुपारी उतरत्या छपराखालची पडवी काळोखात जाते आणि अंगण डोळे दिपवते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर घेतलेली चित्रे अधिक सरस उतरतात.

किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्यास्त समुद्रावर होतो. मात्र त्याची जागा वर्षभर सरकत असते. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांना सूर्य थेट पश्चिमेला मावळतो. जूनच्या अखेरीस तो तिथून सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. जवळजवळ ५० अंशांच्या या फरकामुळे एखाद्या देवळाच्या कळसामागे किंवा जेट्टीच्या टोकावर मावळणारा सूर्य ठरावीक दिवसांतच सापडतो. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला हे दिवस हेरता येतात.

वर्षाकाठी रत्नागिरीत सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ढगाळ हवेत प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो, सावल्या नाहीशा होतात आणि भिजलेल्या जांभ्याचा तांबडा रंग गडद होतो. गडग्यांवर शेवाळ आणि नेचे येतात. मे महिन्यात काळाकरडा दिसणारा सडा, म्हणजे कातळाचे पठार, ऑगस्ट-सप्टेंबरात रानफुलांनी भरून जातो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, हवा धुऊन निघालेली असते. दूरची टेकडी आणि क्षितिज स्वच्छ दिसण्याचा तो काळ आहे. पुढे थंडीत सकाळी खाडीवर धुके उतरते आणि होड्यांच्या नुसत्या आकृती उरतात.

शहरातील स्थळे

रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र आहे. किल्ल्यात भगवतीचे देऊळ आहे आणि वरून मिरकरवाड्याचे बंदर दिसते. सकाळी सूर्य पूर्वेकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने, वर येतो. त्या वेळी शहराकडच्या बाजूने किल्ल्याकडे पाहिले तर तटबंदी उजळलेली दिसते. संध्याकाळी त्याच जागेवरून तिची केवळ काळी कडा मिळते. दोन्ही चित्रे उपयोगी आहेत. दगडाचा तपशील हवा असेल तर मात्र सकाळच गाठावी लागते.

किल्ल्याच्या दक्षिणेला मांडवीचा काळ्या वाळूचा किनारा आणि उत्तरेला पांढरा समुद्र आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे काळी वाळू चित्रात फिकट येते आणि पांढरी मळकट दिसते. काळ्या वाळूसाठी प्रकाश थोडा कमी आणि पांढरीसाठी थोडा वाढवून घेतला की दोन्ही रंग खरे उतरतात. एकाच शहरात हा धडा गिरवता यावा, ही शिकणाऱ्याची मोठीच सोय आहे.

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये थिबा याच गावात वारला. या वाड्याची उतरती छपरे आणि अर्धवर्तुळाकार खिडक्यांचे लाकडी कोरीवकाम हे छायाचित्रकाराचे मुख्य विषय. इमारत उंच असल्याने जवळ उभे राहून कॅमेरा वर केला की भिंती मागे कललेल्या दिसतात. मागे सरकून कॅमेरा सरळ उभा धरावा आणि पडद्यावरची चौकट-रेषांची सोय वापरावी, म्हणजे खांब उभेच राहतात.

टिळक आळीतील कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. आज तिथे स्मारक आहे. १९३१ मध्ये खुले झालेले पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या प्रेरणेने बांधले आणि ते सर्व जातींना खुले ठेवले. अशा ठिकाणी इमारतीचे चित्र अपुरे पडते. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेली माणसे, अंगणातले झाड, शेजारची आळी चौकटीत आली तर ती वास्तू कोणत्या वस्तीत उभी आहे हे पुढच्या पिढीला कळते.

खेड्यातील खुणा

प्रसिद्ध स्थळांची हजारो चित्रे असतात. ज्यांचे एकही चित्र नसते आणि ज्या झपाट्याने जात आहेत, त्या गोष्टी खेड्यात आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांची घरे, नळीची कौले, ओटी आणि पडवी, शेणाने सारवलेले खळे, तुळशीवृंदावन, दगडावर दगड रचलेला गडगा, आगरातला राहाट, ओढ्यावरचा साकव, जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी ही ती यादी. चाकरमान्यांचा पैसा गावात आला की कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहते, साकवाच्या जागी सिमेंटचा पूल होतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे आणि दुकाने गेली. लोकांना पक्के घर आणि चांगला रस्ता हवा, हे रास्तच आहे. म्हणूनच जे जाणार आहे ते जाण्यापूर्वी टिपून ठेवणे हे गावातल्या छायाचित्रकाराचे पहिले काम ठरते.

घराची नोंद करताना ठरलेला क्रम पाळावा. आधी खळ्यासह समोरचे पूर्ण दृश्य, मग दोन्ही बाजू आणि मागील दार, नंतर छपराची ठेवण, ओटी, माजघर आणि शेवटी तपशील, म्हणजे दाराची कडी, खांबावरचे नक्षीकाम, कोनाडा, विहीर. जांभ्याच्या भिंतीवर उन्हाची तिरपी तिरीप पडते तेव्हा दगडाची छिद्रे आणि चिरा तासताना उठलेल्या हत्याराच्या खुणा उठून दिसतात.

ग्रामदेवतेची कौलारू देवळेही अशीच बदलत आहेत. लाकडी खांबांच्या सभामंडपाच्या जागी काँक्रीटचा मंडप येतो. देवळाभोवतीची देवरहाटी, दीपमाळ आणि पालखी बसते ती सहाण यांचीही चित्रे देवळाबरोबर घ्यावीत. कशेळीचे कनकादित्य मंदिर किंवा संगमेश्वरजवळ कसब्यातील कर्णेश्वर मंदिर ही नामांकित स्थळे आहेत. वाडीतल्या छोट्या देवळाची नोंद मात्र वाडीतल्या माणसानेच करायची असते.

नव्या काळाच्या खुणाही या नोंदीत येतात. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर धावू लागलेल्या कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळील पानवलचा पूल सुमारे ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. दरीतून पाहिल्यास वरून जाणारी गाडी इतकी लहान दिसते की पुलाची उंची आपोआप कळते. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक वेगळे असते, ते आधी पाहून ठेवावे. रुळांवर किंवा पुलावर जाऊन चित्र घेणे जिवावर बेतणारे आणि कायद्याने गुन्हा आहे.

कातळशिल्पे

सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे हा रत्नागिरीचा जगावेगळा ठेवा आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारून यांतील अनेक शिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यातील नऊ स्थळांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत.

ही शिल्पे उथळ कोरलेली आहेत. भर दुपारी रेषांत सावलीच पडत नाही आणि पायाशी असलेला हत्तीही नजरेतून सुटतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना कोरलेल्या रेषेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि आकृती स्पष्ट होते. पूर्ण आकार मिळवण्यासाठी उंच काठीवर मोबाइल लावून वरून चित्र घेता येते. शेजारी मोजपट्टी ठेवली तर आकाराचा अंदाज येतो. शिल्पावर पाय देऊ नये आणि रेषा उठाव्यात म्हणून खडू, चुना किंवा रंग कधीही भरू नये. दगड एकदा खराब झाला की तो भरून येत नाही.

माणसे, बाजार, उत्सव

गावाचे चित्र माणसांशिवाय पुरे होत नाही. मिरकरवाड्यात होड्या लागल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. टोपल्या, बर्फ, पाट्या वाहणारे हात आणि बोली बोलणाऱ्या बायका हे सारे काही मिनिटांत घडते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हा नांगरलेल्या होड्या आणि जाळी विणणारी माणसे टिपता येतात. एप्रिल-मे महिन्यांत झेल्याने हापूस काढणारे गडी, प्रतवारी आणि पेट्या भरणे यांची चित्रे मिळतात. फाल्गुनात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा पालखी नाचवणाऱ्यांचे चेहरे आणि गर्दीची लय टिपण्यासाठी आधीपासून उंचावरची जागा धरून ठेवावी लागते.

इथे वागणुकीला तंत्राइतकेच महत्त्व आहे. चित्र घेण्यापूर्वी विचारावे. नकार मिळाला तर कॅमेरा खाली घ्यावा. लिलाव चालू असताना वाटेत उभे राहू नये. गाभाऱ्यातील चित्रासाठी गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारावे. लहान मुलांची चित्रे आईवडिलांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नयेत. काढलेल्या चित्राची एक प्रत त्या घरी नेऊन दिली की पुढच्या वेळी दार आपणहून उघडते.

साधने आणि नियम

या कामाला महागडे साहित्य लागत नाही. मोबाइलचे रुंद भिंग घरे आणि आळ्यांसाठी पुरेसे असते. वेगळा कॅमेरा असल्यास ५० मिलिमीटरचे भिंग माणसांसाठी चांगले. ओल्या पानांची चकाकी कमी करायला पोलरायझर उपयोगी पडतो.

किनाऱ्यावरच्या हवेत साहित्याची निगा मात्र राखावीच लागते. दमट हवेत भिंगात बुरशी धरते, म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावा आणि चामड्याच्या पिशवीत महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. समुद्रावरून आल्यावर खाऱ्या तुषारांचा थर किंचित ओल्या फडक्याने पुसावा. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आल्यास भिंगावर दव धरते. ते आपोआप जाईपर्यंत थांबावे.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरील नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे दाखवलेले असतात. रत्नागिरीचे विमानतळ तटरक्षक दलाचे असल्याने शहराच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. स्वामित्वहक्क कायद्यानुसार (१९५७) इमारतीचे छायाचित्र काढण्याने वास्तुरचनेच्या हक्काचा भंग होत नाही. संग्रहालये आणि संरक्षित वास्तूंत फ्लॅश आणि तिवईबाबतच्या सूचना पाळाव्यात.

नोंद आणि जतन

तपशिलाशिवाय चित्र थोड्याच वर्षांत मुके होते. प्रत्येक चित्राबरोबर गाव, वाडी, वास्तूचे स्थानिक नाव, तारीख, कॅमेऱ्याचा रोख आणि माहिती देणाऱ्याचे नाव लिहावे. मूळ चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण बिघडलेला मोबाइल सारे काही घेऊन जातो.

सर्वांत बोलकी नोंद त्याच जागेवरून पुन्हा घेतलेल्या चित्रांची. जर्मन गणितज्ञ सेबास्टियान फिन्स्टरवाल्डर यांनी १८८८-८९ मध्ये आल्प्समधील हिमनद्यांची अशी मोजणी सुरू केली आणि पुढच्या पिढ्यांना हिमनद्या किती आटल्या हे त्यावरून दाखवता आले. गावासाठीही हीच रीत लागू पडते. उभे राहण्याचे दगड, उंबरठे किंवा वळणे ठरवून दर वर्षी त्याच महिन्यात तेच चित्र घ्यावे. घरातल्या जुन्या अल्बममधील छायाचित्रे हाती घेऊन त्यांची जागा शोधली तर ही मालिका दोन पिढ्या मागे नेता येते.

ही चित्रे घरातच राहिली तर त्यांचा उपयोग अर्धाच होतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. अशी जुनी ग्रंथालये, शाळा आणि ग्रामपंचायती इथे तपशिलासह छापील संच देता येतात. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने चित्रे ठेवली तर जगभरातल्या कोणालाही ती वापरता येतात. शाळेच्या प्रत्येक वर्गाने आपापल्या वाडीची घरे, विहिरी आणि देवळे एका वर्षात टिपली, तर त्या गावाचा असा संग्रह तयार होईल जो आज कोणत्याही सरकारी दप्तरात सापडत नाही.